सहा मंगळवारांचा उन्हाळा

खरबुजं बाजारात आली की मी नाकाला पदर लावून चालते. मार्चच्या शेवटी पुंडलिकनगरच्या रस्त्यावर गाडे लागतात. विकणारा एक फळ चिरून वर मांडून ठेवतो, त्याच्यावर माशा बसतात, आणि तो गोडसर, जरासा आंबूस वास उन्हात तरंगत आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत येतो. मी रस्ता बदलते. लोकांना वाटतं, बाईला ऊन सोसत नाही. ऊन मला सोसतं. मी करमाडची, उन्हातच वाढलेली. तो वास सोसत नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मला भेटायला येणारा प्रत्येक जण खरबूज घेऊन यायचा. "थंड असतंय, लघवी साफ होती," असं म्हणायचा आणि लगेच ओशाळून गप्प बसायचा, कारण लघवी हा शब्द बाईमाणसासमोर काढायचा नाही असं जणू सगळ्यांनी आपापसांत ठरवून टाकलं होतं. फ्रिजमध्ये खरबुजं, ओट्यावर खरबुजं, कॉटखाली खरबुजं. शेवटी शेवटी दुधालाही तोच वास यायला लागला, भिजवलेल्या कणकेलाही तोच. आणि त्या सगळ्यावर ब्लीचिंग पावडरचा वास. हे दोन वास एकमेकांत मिसळले की काय होतं ते मला आजही कुणाला सांगता येत नाही. गेल्या महिन्यात पुन्हा ते गाडे लागले, आणि माझ्या तपासणीची तारीखही नेमकी त्याच पंधरवड्यात आली.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सव्वीस वर्षं झाली. रोज सकाळी साडेसातला खिडकी उघडली की लोक बाटल्या पुढं करतात. आम्ही डबी देतो, तरी कित्येक जण घरूनच भरून आणतात. खोकल्याच्या औषधाची बाटली, लोणच्याची बरणी, एकदा तर एका म्हाताऱ्यांनी अत्तराची कुपी आणली होती, तीसुद्धा रुमालात गुंडाळून, लाजत लाजत. मला कधी काही वाटलं नाही. नव्या मुली नाक दाबायच्या तेव्हा मी म्हणायचे, "अगं, पाणीच आहे ते. थोडं मीठ, थोडा युरिया. घाबरायचं काय?" किळस नावाची गोष्ट देवानं माझ्या अंगात घातलीच नाही, असा माझा समज होता. तो समज पुसायला एक थेंब पुरला, आणि तो थेंब माझा स्वतःचा होता.

त्या वर्षी फेब्रुवारीत एक दिवस कमोडमधलं पाणी गुलाबी दिसलं. दुखत नव्हतं, जळजळत नव्हतं. पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती, म्हणून आधी वाटलं तीच उगवली की काय परत. गल्लीतल्या डॉक्टरांनी इन्फेक्शन म्हणून गोळ्या दिल्या. बरं वाटलं. पंधरा दिवसांनी पुन्हा गुलाबी, पुन्हा गोळ्या. तिसऱ्यांदा मी कुणाला विचारलं नाही. दुपारी लॅबमधल्या बाकीच्या जणी जेवायला बसल्या तेव्हा मी माझाच नमुना घेतला, मशीनमध्ये फिरवला, एक थेंब काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तांबड्या पेशींनी काच गच्च भरली होती. पू नाही, जंतू नाहीत, नुसतं रक्त. दुसऱ्या कुणाची काच असती तर मी शांतपणे रिपोर्ट लिहिला असता. मी काच धुतली, हात धुतले, पुन्हा धुतले, आणि बेसिनमध्ये ओकले. बाहेर पोळी-भाजीचे डबे वाजत होते.

मग सोनोग्राफी, मग मूत्रविकाराचे डॉक्टर. तरुण आहेत, हळू बोलतात. त्यांनी कागदावर लघवीची पिशवी काढली आणि तिच्या भिंतीवर एक झुडूप. "फुलकोबीसारखं दिसतं बघा हे. दुर्बिणीतून खरवडून काढता येईल." त्यानंतर आमच्या घरात फुलकोबी शिजली नाही. त्यांनी विचारलं, "ताई, तंबाखू, मिसरी, काही?" मी म्हणाले, कधीच नाही. "घरात कुणी सिगारेट ओढतं?" माझे यजमान मधुकर माझ्या शेजारी बसले होते. शेंद्र्याच्या एका कारखान्यात ते सुपरवायझर आहेत, तिथं शंभर माणसांना दरडावतात. त्या दिवशी मात्र ते दवाखान्याची फरशी बघत राहिले. पंचवीस वर्षं घरात बसून ओढली होती त्यांनी. थंडीच्या दिवसांत खिडक्या लावलेल्या असायच्या आणि माझ्या केसांना रात्रंदिवस धुराचा वास असायचा. डॉक्टर म्हणाले, "नक्की कशामुळं झालं हे कुणालाच सांगता येत नाही." खरंच आहे ते. मीही तेच म्हणते. पण मान खाली घातलेल्या त्या चेहऱ्याचा मला जो वीट आला, त्याला पुरावा लागत नव्हता.

झुडूप काढलं. ते कॅन्सरचं निघालं, आणि पुन्हा उगवू नये म्हणून लस ठरली. लहान बाळाच्या दंडावर टोचतात तीच, क्षयाची. ती नळीनं मूत्राशयात सोडायची. मूत्राशय तिच्यावर चवताळतं आणि त्या रागात उरलेल्या वाईट पेशींनाही मारतं, असं डॉक्टरांनी समजावलं. सहा आठवडे, दर मंगळवारी. एप्रिलचा दुसरा मंगळवार ते मेचा तिसरा.

तो उन्हाळा आठवला की आधी तहान आठवते. लस पातळ होऊ नये म्हणून चार तास आधीपासून पाणी बंद. बाहेर बेचाळीस डिग्री, रिक्षाच्या सीटचं रेक्झिन मांडीला चटका देणारं, जीभ टाळूला चिकटलेली, आणि चौकाचौकात उसाच्या रसाची घुंगरं वाजणारी. लस आत गेली की दोन तास लघवी धरून ठेवायची. पाव तास उताणं, पाव तास पालथं, पाव तास डाव्या कुशीवर, पाव तास उजव्या, म्हणजे औषध सगळीकडं फिरेल. मी घरी चटईवर पडायचे. मधुकर घड्याळ घेऊन बसायचे आणि सांगायचे, "आता उजवीकडं." तव्यावरच्या भाकरीसारखी मी उलटत राहायचे. दीड तासानंतर ओटीपोटात कुणीतरी निखारे टाकल्यासारखं व्हायचं, आणि मी मोठ्यानं आकडे मोजायचे.

त्यानंतरचं तर विचारूच नका. औषधात जिवंत जंतू असतात. त्यामुळं पुढचे सहा तास प्रत्येक वेळी बसूनच लघवी करायची, थेंब उडू द्यायचा नाही, वरून ब्लीचिंगचं पाणी ओतायचं, झाकण लावायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, मग भरपूर पाणी सोडायचं. भरपूर पाणी! आमच्या भागात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तेही उन्हाळ्यात येईल याची खात्री नाही. टँकरवाल्याला फोन करून करून मधुकरांचा आवाज बसला होता. मी दर दहा मिनिटांनी आत जायचे. रक्ताचे धागे, कातडीचे तुकडे, जाळ. अंगात ताप. संडासात कोंडलेला क्लोरीन डोळ्यांत जायचा. बाहेर आले की पाणी प्या, पाणी प्या. आणि प्यायले की पुन्हा आत. आपण म्हणजे एक गळकी, सडकी नळी आहोत, वरून ओतायचं आणि खालून घाण काढायची, इतकंच आपलं काम उरलंय, असं मला वाटायचं. आरशात बघवत नव्हतं. मी स्वतःचा स्पर्श टाळायचे. अंघोळ करताना साबण अंगाला लावायचा तोही दुसऱ्याच्या अंगाला लावल्यासारखा.

ब्लीचिंगचं सगळं काम मधुकर करायचे. हेही सांगितलं पाहिजे. ज्या माणसानं लग्नानंतर स्वतःचं ताट कधी उचललं नाही, तो माणूस दर मंगळवारी सुट्टी टाकून, तोंडाला रुमाल बांधून, गुडघ्यांवर बसून संडास घासायचा. कपाळावरून घामाच्या धारा. एकदाही तोंड वाकडं केलं नाही. मी दाराला टेकून बघायचे, आणि मला कृतज्ञता वाटायला हवी होती, पण वाटायची नाही. वाटायची ती फक्त लाज, आणि लाजेच्या तळाशी राग.

मेच्या शेवटी माझी जाऊ गावाहून आली. खरबूज खाली ठेवत म्हणाली, "पिशवी काढली ते लई बरं झालं बाई. कटकट गेली. माझीपण काढायचं चाललंय." मला कळेचना. मग उलगडलं. मधुकरांनी सगळ्या नातेवाइकांना "सुमनच्या पिशवीचं ऑपरेशन झालं" एवढंच सांगितलं होतं. बाईची पिशवी म्हटल्यावर लोकांनी गर्भपिशवी धरली, आणि ह्यांनी ती धरू दिली. जाऊ गेल्यावर मी विचारलं, "खरं का नाही सांगितलं?"

"मग काय सांगू? लोकांना सांगू का, बायकोच्या..." ते तिथंच अडकले. दोनदा तोंड उघडलं, शब्द आला नाही. "सांगायसारखी जागा असती तर सांगितलं असतं."

जो माणूस माझी घाण हातानं धूत होता त्याला तिचं नाव घ्यायची शिसारी येत होती. मला त्या दिवशी काय वाटलं ते मी आजवर नीट समजून घेतलेलं नाही. हात स्वच्छ आणि जीभ विटलेली, अशा माणसाचं काय करायचं?

सहा मंगळवार संपले. मग दुर्बिणीच्या तपासण्या सुरू झाल्या. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, आता सहा महिन्यांनी. लोक विचारतात, "आता बरं आहे ना?" बरं आहे. फक्त सकाळी उठल्यावर मी देवाचं नाव घेण्याआधी कमोडमध्ये बघते. लग्नात जेवणाआधी, सिनेमाच्या मध्यंतरात, एसटी स्टँडच्या त्या भयानक मुतारीतसुद्धा, जिथं माणूस डोळे मिटून घेतो, तिथं मी वाकून, निरखून बघते. उन्हाळ्यात फार जपावं लागतं. कलिंगड खाल्लं तरी शंका, बीट खाल्लं तरी शंका, पाणी कमी पडून रंग गडद झाला तरी शंका. गुलाबाचं सरबत मी घेतच नाही. उन्हाळ्याचे सगळे थंड, देखणे रंग माझ्यासाठी त्या एका रंगात बुडाले आहेत. आणि तपासणी चांगली निघाली की मधुकर पेढे आणतात. गेल्या तीन वर्षांत किती पेढे झाले! दुर्बिणीची जळजळ अजून गेलेली नसते आणि हातात पेढा येतो. मी तो गिळते.

गेल्या महिन्यात तपासणीच्या आदल्या रविवारी मी कपडे मशीनमध्ये टाकत होते. मधुकरांच्या शर्टाच्या खिशातून दोन लवंगा पडल्या. मी शर्ट नाकाशी नेला. सिगारेटचा वास ओळखायला मला सूक्ष्मदर्शक लागत नाही. माझ्या आजारानंतर त्यांनी ती सोडली, असं मी धरून चालले होते. ते गच्चीवर टाकीत किती पाणी उरलंय ते बघत होते. मी शर्ट घेऊनच वर गेले.

"अहो, किती दिवसांपासून?"

"काय?"

मी शर्ट पुढं केला. त्यांनी टाकीचं झाकण सावकाश लावलं.

"तुझी तारीख जवळ आली की व्हतं असं. दोन-तीनच. लई नाय."

"म्हणजे दर वेळी?"

 ते टाकीच्या सावलीत उभे होते, तरी डोक्यावर हात धरला होता.

"दर वेळी. तू आत जाती, तवा मी बाहेर टपरीवर असतो. बसवत नाय मला तिथं. भ्या वाटतं, सुमन."

 मी पाय वर बांधून घेऊन पडलेली, आत दुर्बीण, आणि त्याच वेळी हा माणूस रस्त्यापलीकडं धूर सोडतोय. मग लवंग चघळायची, पेढे घ्यायचे आणि हसत आत यायचं.

"भीती मलाही वाटते," मी म्हणाले. "मी काय ओढते? ओढायची तर ओढा. पण माझ्या नावावर ओढू नका. स्वतःच्या नावावर ओढा."

"सोडतो."

"मी सोडा म्हटलेलं नाही."

तपासणीला मी एकटीच गेले. आतल्या खोलीत नर्स शमीम आपा असते. तीन वर्षांत माझी सगळ्यात उघडी अवस्था पाहिलेली बाई तीच. तिनं चादर टाकली, पाय पट्ट्यांत अडकवले. "बाजी, आज अकेले? भाई नहीं आये?" मी म्हणाले, "नहीं." तिनं पुढं विचारलं नाही. "पाँव ढीले छोडो. साँस लंबी. हौ, ऐसेच." गार जेली, मग ती लांबट, चिरत जाणारी जळजळ, आणि पडद्यावर माझं आतलं दिसायला लागलं. फिकट पिवळसर गुलाबी भिंत, तिच्यावर लाल केसांसारख्या शिरा. पहिल्या वेळी मी तोंड फिरवलं होतं. आता बघते. शेवाळलेल्या हौदाच्या तळाशी बॅटरी मारावी तसं ते दिसतं. डॉक्टर दर वेळी बोलत असतात: इथं छान, इथंही छान. या वेळी ते मधेच बोलायचे थांबले. दुर्बीण एका जागी परत आली, पुन्हा परत आली. तिथं लाल मखमलीचा तुकडा लावल्यासारखा डाग होता.

"थोडा लाल भाग आहे. साधी सूजही असू शकते. पण तुकडा घेऊन तपासूया."

चिमटा बसला. शमीम आपानं माझा अंगठा धरला होता. "हो गया बाजी," ती म्हणाली, आणि पडद्यावर रक्ताचा एक बारीक धूर वर चढत गेला.

रिपोर्टला आठ दिवस लागले. ते आठ दिवस मी लॅबमध्ये गेले, बाटल्या घेतल्या, काचा पाहिल्या. प्रत्येक काचेच्या मागं एक माणूस घरी वाट बघत बसलाय हे मला सव्वीस वर्षं माहीत होतं, पण ते आता नखात सुई जावी तसं कळत होतं. स्वतःचाच राग यायचा. किती वेळा खिडकीतून मी "उद्या या" म्हणाले असेन, वर न बघता. घरी आल्यावर मधुकर समोर ताट वाढायचे. बोलणं मोजकंच. त्यांच्या शर्टाला वास येत नव्हता. मी हुंगून बघत होते, दारामागं टांगलेला शर्ट, रोज, चोरासारखी. आणि हुंगताना मला स्वतःचीच शिसारी यायची. त्यांनी सोडली की नुसती जागा बदलली, हे मला माहीत नाही. अजूनही नाही.

रिपोर्टच्या दिवशी ते न विचारताच रिक्षात शेजारी येऊन बसले. दवाखान्यात माझ्या बाजूच्या खुर्चीवर दोन तास बसून राहिले. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. एकदाही उठले नाहीत. डॉक्टरांनी कागद वाचला आणि हसले. "फक्त सूज आहे ताई. कॅन्सर नाही. सहा महिन्यांनी या."

मधुकरांनी डोळे पुसले. मला आनंद झाला का? झाला असणार. पण जे आधी जाणवलं ते असं, की सहा महिने म्हणजे फार तर दिवाळी. दिवाळीच्या तेलकट वासात पुन्हा हेच. हा आजार जात नाही आणि मारतही नाही, तो माणसाला ओलीस ठेवतो, आणि सुटका झाल्यावर पुढची तारीख देतो. जन्मभर मला त्या टेबलावर चढायचं आहे आणि जन्मभर मला ते किळसवाणंच वाटणार आहे. सवय होते म्हणतात. मला नको आहे ती सवय.

आम्ही निघालो तेव्हा काउंटरवर एक माणूस उभा होता. मागं एक बाई, चाळिशीची, डोक्यावरचा पदर तोंडापर्यंत ओढलेला, हातात जुन्या कागदांची पिशवी. अजिंठ्याकडून आले होते, बहीण-भाऊ. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "काय त्रास होतोय?"

"तसं काय नाय. जरा बायकांचं हाय," भाऊ म्हणाला.

"मग बायकांच्या डॉक्टरांकडं जा. समोरच्या बिल्डिंगमध्ये."

"तिथूनच आलो. तिथं गोळ्या दिल्या, दोनदा."

"मग परत त्यांनाच दाखवा ना."

भाऊ वळला. बाई वळली नाही. ती जागेवरच उभी राहिली.

"चल, ऊन वाढतंय," मधुकर मला म्हणाले. मी त्या बाईपाशी गेले.

"काय होतंय गं तुला?"

तिनं भावाकडं पाहिलं. मी म्हणाले, "दादा, तुम्ही जरा बाजूला थांबा." तो थांबेना. मधुकरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला दारापाशी नेलं.

"लाल जातंय," ती माझ्या कानात म्हणाली. "सहा महिने झाले. दुखत नाय म्हणून कुणी मनावर घेत नाय."

"पाळी?"

"ती न्हाई. ती मला कळती की. लघवीतून जातंय."

"मला सांगू नको. तिला सांग. असंच सांग, जसं आत्ता सांगितलं."

ती घुटमळली. बाकड्यांवर पंधरा-वीस माणसं होती, निम्मे पुरुष. मग तिनं पदर मागं सारला. चेहरा उन्हानं रापलेला, ओठ कोरडे. ती काउंटरला दोन्ही हात टेकून म्हणाली, "माझ्या लघवीतून रक्त जातंय. सहा महिने झाले."

बाकड्यावरच्या एका माणसानं तोंडानं "शी" असा आवाज काढला आणि मान फिरवली. ती त्याच्याकडं वळली. मला वाटलं, आता ही रडेल. ती रडली नाही. तिनं त्याच्याकडं बघत तेच वाक्य पुन्हा म्हटलं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं.